चप्पल दिसली तर

नर्स लेकीच्या जीपचे चाक धुक्यात दरीवर लोंबकळले, त्या दिवसापासून किल्ली बाबांच्या खिशात होती आणि डोंगरावरचे रुग्ण खोळंबले होते. ती जादा दिवे निवडायला गॅरेजात आली, तर बाबाही सोबत. मिस्त्रीकाकांनी गाड्या धुवायच्या यंत्राची वाफ धुक्यासारखी जीपसमोर सोडली. बाबांनी वाफेपलीकडे आपली एक चप्पल ठेवली. “ही दिसली तरच किल्ली!” टपावरचा मोठा दिवा लागला आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहिली. “झालं समाधान?” बाबा म्हणाले. “काका, हा नको,” ती म्हणाली. “पिवळे लावा, खाली बंपरपाशी.” पिवळा उजेड वाफेखालून जमिनीलगत सरपटत गेला. तिने निरखून पाहिले. “चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलाय, बाबा. एक टाका उसवलाय.” एका पायावर तोल सावरत बाबांनी किल्ली पुढे केली. “जा, आण चप्पल. गाडीनेच!”