बोलकी आणि मुकी

"ती बोलकी परत पाठव," बाबा म्हणाले. "नाहीतर मला पाठव."

बोलकी म्हणजे भिंतीवरची नवी मशीन. घरातले दिवे, पंखे, गिझर सगळं तोंडी हुकमावर चालावं म्हणून मुलाने दोन कंपन्यांच्या मशिनी पंधरा-पंधरा दिवस वापरून बघायला मागवल्या होत्या. पहिली आली ती तोंडाळ निघाली. दिवा लावला की "दिवा लावला आहे" असं बजावून सांगायची, आणि पंखा म्हटलं की गिझर लावून मोकळी व्हायची.

"बरं, दिवा लावते कधी? माणूस अंधारात ठेचकाळल्यावर," बाबा म्हणाले. "मी असं काम केलं असतं तर पहिल्याच अंकात हाकललं असतं मला."

बाबांनी चाळीस वर्षं नाटकांचे दिवे सांभाळले होते. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आले त्याला आता चार महिने झाले होते. भांडी विसळायला गेले की सून म्हणायची, राहू द्या. भाजी आणायला निघाले की मुलगा म्हणायचा, उन्हात कशाला? दोघंही मायेनेच म्हणायची, पण त्या मायेने बाबा पार कंटाळून गेले होते. शेवटी त्यांनी कपडे भरून पिशवी खाटेखाली ठेवली. महिनाअखेरीला ते आपल्या जुन्या खोलीवर परत जाणार होते.

"तिथे तुमचं आहे तरी कोण?" सुनेने विचारलं.

"कोणी नाही. पण इथे माझं काम काय आहे, सांग बघू."

 सुनेचे स्वतःचे वडील ती लहान असतानाच गेले होते, आणि या माणसाचा तिला फार लळा लागला होता. 

मग दुसरी मशीन आली. ती बसवणारा माणूस घरभर हिंडला आणि बाबांच्या खोलीतला बोर्ड बघून हसायला लागला. घर बांधणारा मूळ मालक महाकंजूष होता. पोरांनी फुकट दिवे जाळू नयेत म्हणून त्याने प्रत्येक खोलीतल्या दिव्या-पंख्यांची आणि अंगणातल्या दिव्याचीही बटणं याच खोलीत आपल्या उशाशीही घेऊन ठेवली होती. बोलकीवाला म्हणत होता, हा बोर्ड आधी उखडा.

"राहू दे," हा म्हणाला. "आमची मशीन कुणाच्या अध्यात ना मध्यात. बोलत नाही, नुसतं ऐकते आणि करते. हळूहळू घराच्या सवयीही शिकते. हा हिरवा ठिपका दिसला की समजायचं, चालू आहे."

"म्हणजे मुकी," सून म्हणाली, आणि तेच नाव पडलं. मशीनच्या डबीची जागाही तिनेच ठरवली, पॅसेजमधल्या फळीवर.

पहिल्या संध्याकाळी मुकी काही हलेना. "मुके, स्वयंपाकघरातला दिवा!" सुनेने दोनदा सांगितलं, तरी ढिम्म. तिसऱ्यांदा मात्र दिवा लागला.

"शिकतेय बिचारी," सून म्हणाली.

आणि शिकली म्हणजे काय, चार दिवसांत तरबेज झाली. मुलाची स्कूटर फाटकाशी वळली की अंगणातला दिवा लागायचा. सून स्वयंपाकघरात जायला निघाली की ती उंबऱ्यापासून अर्धं पाऊल लांब असतानाच आत उजेड व्हायचा. एका दुपारी पुस्तक वाचता वाचता तिला डुलकी लागली, तर पंखा आपोआप एकने कमी झाला.

"तू झोपलीस हे हिला कळलं कसं?" मुलगा थक्क झाला.

"सवयी शिकते, असं म्हणाला होता ना तो?"

"पण तो हिरवा ठिपका कुठे दिसत नाही."

"डोळ्यांत खुपत होता, वर पट्टी चिकटवलीय मी."

मुकी रुसली ती एकदाच, बुधवारी. मुलगा तिन्हीसांजेला पॅसेजमध्ये उभा राहून "मुके, मुके" करत राहिला आणि शेवटी चिडला. सून म्हणाली, नेट गेलं असेल. बाबा केस कापून परत आले तोवर नेटही आलं होतं.

एरवी बाबांचं उत्तम चाललं होतं. जेवण वाढलं होतं, दुपारची झोप सुटली होती. दिवसभर खोलीत बसून जुन्या नाटकांतली पदं शीळ घालून वाजवायचे. खाटेखालच्या पिशवीतला एकेक सदरा परत खुंटीवर येऊ लागला. मुलाने तिकिटाचं विचारलं तर म्हणाले, "एवढ्यात जमायचं नाही रे. पुढच्या महिन्यात बघू."

"बघितलंस?" मुलगा बायकोला म्हणाला. "मशीनमुळे घर असं सुरळीत झालं, की बाबांचंही मन रमलं."

"मीही तेच म्हणते," ती म्हणाली.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी मशीनवाला आला. मुलाने कागदावर धडाधड सह्या केल्या, मुकीची तोंडभरून तारीफ केली आणि तो अंघोळीला गेला. मशीनवाला डबीवरचा नंबर टिपून घ्यायला पॅसेजमध्ये गेला. त्याने पट्टी सोलली, डबी उलटसुलट केली, मग खिशातला फोन काढून बघितला. त्याचा चेहरा उतरला.

"ताई, ही तर बंद आहे. मागे वायरच नाही. बसवल्या दिवसानंतर एक नोंदसुद्धा नाही माझ्याकडे."

"हळू बोला," सून म्हणाली. "वायर माझ्या कपाटात आहे. तुम्ही गेलात तेव्हाच काढली."

"मग विकत कशाला घेताय?"

तिने पट्टी होती तशी चिकटवली, डबी फळीवर ठेवली आणि बाबांच्या लोटलेल्या दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "मुके, पाहुणे निघाले. बाहेरचा दिवा!"

दारामागची शीळ थांबली. खट् झालं, आणि बाहेरचा दिवा लागला.