फुटपाथवरचा वर्ग

“मिस, आज नाताळच्या कार्यक्रमात मी वाचणार. न अडखळता वाचलं तर माझा व्हॅनचा वर्ग बंद, सिस्टर म्हणाल्या. तुम्ही याल ना?” मारिसोलनं विचारलं. लोरेन सरकारी शिक्षिका, शाळा चर्चची, नन्सनी चालवलेली; सरकारी शिक्षकांनी धार्मिक शाळेत शिकवू नये असा कायदा, त्यामुळे शाळेच्या दारातून आत जायची तिला मनाई. म्हणून वाचनात कच्च्या मुलांचा वर्ग ब्रुकलिनच्या फुटपाथलगत, व्हॅनमध्ये भरायचा. “इथूनच बघेन,” ती म्हणाली. वाचताना ओळीखाली सरकवायची लाल पट्टी व्हॅनमध्येच टाकून मारिसोल पळाली. “पट्टी राहिली की, बाई. पोरगी अडखळली तर?” म्हणत ड्रायव्हरनं, आतलं काही ऐकू यावं म्हणून, इंजिन बंद केलं. हिटरही थांबला. लोरेननं हातमोजे चढवले. शाळेच्या हॉलच्या बंद खिडक्यांमागे मारिसोलचे ओठ हलू लागले. त्या ओठांबरोबर लोरेननं पट्टी व्हॅनमधल्या टेबलावर ओळीओळीनं सरकवली. ओठ कुठेच अडले नाहीत. आत सगळे उभे राहिले. लोरेननंही टाळ्या वाजवल्या. हातमोज्यांमुळे त्या तिलाही ऐकू आल्या नाहीत.