एकोणपन्नास समाधानी

"नाव, वर्ग, सही. आणि इथं ‘समाधानी’वर टिक. चला, पुढचा!"

संख्याशास्त्राचे सर दुपारपासून विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य सांभाळत होते. त्यांचे तास कमी, म्हणून हे काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. शिवाय त्यांच्याकडे तासाभराच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र होतं. त्या तासात त्यांनी पेपरांचा एक गठ्ठा तपासून काढला होता. तपासणी समिती येणार होती आणि पाचपर्यंत पन्नास जणांचं समुपदेशन उरकायचं होतं. प्रत्येकी दीड मिनिट पुरत होतं. सुखी माणसाला बोलायला असतंच काय?

चारपर्यंत एकोणपन्नास जण समाधानी झाले.

पन्नासावी मुलगी दुसऱ्या वर्षाची. तिनं पेन हातात घेतलं आणि तशीच बसून राहिली.

"खरं लिहायचं का, सर?"

सरांनी घड्याळ पाहिलं. "म्हणजे काय! खरंच लिहायचं."

तिनं पेन खाली ठेवलं. "आठ दिवस झोप नाही. काल होस्टेलच्या गच्चीवर गेले होते. आईचा फोन आला, म्हणून खाली आले."

सरांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. यासाठी रकाना नव्हता. प्रमाणपत्रही काही सुचवेना. त्यांनी फॉर्म बाजूला सारला.

"बैस. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण मी कुठं जात नाही."

ती दीड तास बोलली. सर नुसते ऐकत होते, नोकरीत बहुधा पहिल्यांदाच. मग त्यांनी तिच्या आईला फोन लावला, मुलीला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं आणि आई येईपर्यंत दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी अहवाल चाळला. "एकोणपन्नास समाधानी! वा! ही एक तेवढी काढून टाका. उगाच दुधात मिठाचा खडा."

"ती राहील, सर."

"अहो, एका मुलीपायी कॉलेजचं नाव घालवता?"

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर सात-आठ मुलंमुली उभी होती. सगळ्यांत पुढे त्या मुलीची रूममेट, कालची एकोणिसावी समाधानी.

"सर, तुम्ही खरंच ऐकून घेता म्हणे," ती म्हणाली. "मग आमचे कालचे फॉर्म परत द्या ना."