ट्रॅक्टरचा पंखा

चौऱ्याहत्तर साली कोरेगावकडच्या नानासोंनी नवाकोरा ट्रॅक्टर घेतला आणि घरात अजून कंदील असताना त्याच्यासाठी परड्यात पत्र्याचं गॅरेज बांधून विजेचं फिटिंग करायला घेतलं.

“बल्ब कळला, पण पंखा कशापायी?” वायरमननं विचारलं.

“दिसभर नांगरून इंजन लय तापतंय की.”

“आन् रेडिओला प्लग?”

“बैलाच्या गळ्यात घुंगरं असत्यात. ह्येला करमायचं कसं?”

“आवं, एक दिवा चुलीपाशी बी काढा,” दाराआडून राहीबाई म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्या धुरात आणि अंधारात भाकरी थापत होत्या.

“चुलीला सोताचा उजेड हाय,” असं म्हणून नानासोंनी बायकोचं तोंड बंद केलं.

फिटिंग झालं. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला ते नांगरट करून परतले, तर गॅरेजात लख्ख उजेड! राहीबाई तिथं चूल मांडून भाकरी थापत होत्या आणि पंख्याखाली बाजेवर नानासोंची आई रेडिओ ऐकत पडली होती. नानासोंनी रागानं हॉर्न दाबला.

“गप रं, कीर्तन लागलंय,” आई म्हणाली. “त्येला गोठ्यात बांध, आन् पायताण भाईर काढून जेवाय ये.”