नमुना अहवाल

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला समाजसेवेचे पन्नास गुण होते आणि वर्गात ज्याला सगळे 'स्कॉलर' म्हणत त्याच्या हिशेबाने ते खिशात पडल्यातच जमा होते. मागच्या बॅचचा पाणी तपासणीचा अहवालच त्याच्या हाती लागला होता. एकोणपन्नास गुण मिळालेला, सरांनी नमुना म्हणून काचेच्या कपाटात जपून ठेवलेला. तीच वस्ती, तोच नळ, तेच प्रश्न. आपण फक्त आकडे बदलायचे.

पहिल्याच घरातल्या काकूंनी त्याच्या हातातली बाटली पाहिली आणि न सांगता नळाखाली धरून भरून दिली.

"सवय आहे, बाळा. मागच्या वर्षी चौघं आली होती. गुणी पोरं, दिवसभर उन्हात राबली. पण पाण्यात काय निघालं ते सांगायला परत काही फिरकली नाहीत. तुला आहे का ठाऊक?"

त्याला ठाऊक होतं. शेवटचं पान, ठळक अक्षरं: पाणी पिण्यास अयोग्य. ते वाक्य त्याने आपल्या अहवालात आधीच उतरवून ठेवलं होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून त्याने फॉर्मवरचा पहिला प्रश्न वाचला, "घरात माणसं किती?"

"पाच लिही," काकू म्हणाल्या. "त्या पोरांनी सहा लिहिली होती. पावसाळ्यात धाकटीला जुलाबाचं निमित्त झालं. तेवढा आकडा बदल."