सात प्लायचा खोका

ज्योत्स्ना खोक्यावर चढली आणि दोन्ही पाय आपटून उभी राहिली. खोका ढिम्म हलला नाही.

"अवो, तुमीबी चढा," ती नवऱ्याला म्हणाली. राजू चढला. दोघांच्या वजनाखाली त्या पाच प्लायच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या पाच थरांच्या, खोक्याची कडासुद्धा दबली नाही. नमुने घेऊन अकोल्याहून आलेले खोकेवाले पंजाबराव मान हलवत म्हणाले, "ताई, हा काही नवा माल नाई. तुमच्या पयल्या खेपेले मी हाच देला होता."

आता बोला! शेलूबाजारच्या या पत्र्याच्या शेडमध्ये पेरणी यंत्राचे लोखंडी गिअर तयार होत आणि इंदूरच्या एका कंपनीला जात. पहिली खेप गेली ती असल्याच पाच प्लायच्या खोक्यांतून, आणि वाटेत दहातले तीन खोके फाटले. दुसऱ्या खेपेला ज्योत्स्नाने मन घट्ट केलं आणि महागाचे, जाडजूड सात प्लायचे घेतले. तर ते दहातले सहा फाटले! जाड खोका पातळ खोक्याहून जास्त फाटतो, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

कंपनीने स्पष्ट कळवलं होतं, तिसऱ्यांदा असं झालं तर व्यवहार बंद. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. व्यवहार बंद म्हणजे शेड बंद. पहिली खेप फाटली तेव्हाच राजूने चाकणच्या मित्राला नोकरीचं विचारून ठेवलं होतं. शेड बंद झालं की दोघांनी बिऱ्हाड उचलायचं आणि सासू-सासऱ्यांना इथेच ठेवून जायचं. आयटीआय करून, गावाचे टोमणे ऐकून ज्योत्स्नाने हे शेड उभं केलं होतं.

"नऊ प्लायचा घ्या नं मंग," पंजाबराव म्हणाले. "नाई तं लाकडी पेटी करा."

"दोन्ही परवडत नाई, भाऊ. त्या फाटक्या खोक्यायचं काय झालं?"

कंपनीने दोन्ही खेपांतला एकेक फाटका खोका परत पाठवला होता. तो गठ्ठा पंजाबरावांनी येतायेता वाशिमच्या ट्रान्सपोर्टमधून सोबत आणला होता. ज्योत्स्नाने सुतळी तोडली, खोके उलगडले आणि उजेडाला धरले.

खोक्यांच्या बाजूंना भोकं होती. रुपयाएवढी, गोल, एका ओळीत. आणि पुठ्ठा फाटला होता तो बरोबर या भोकापासून त्या भोकापर्यंत.

"उंदरं असतीन," राजू म्हणाला.

"उंदीर काय फूटपट्टी घेऊन कुरतडते?" पंजाबराव म्हणाले.

"उंदरं कायले करतीन? म्या केले ते."

दारात ज्योत्स्नाचे सासरे दौलतराव उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी मिरच्या आणि वांगी पिकवली, अकोल्याच्या आणि नागपूरच्या मंडीत नेली. माल दुसऱ्याच्या हवाली करून घरी बसायचं नाही, मालासोबत आपण जायचं, ही त्यांची रीत. शेडमध्ये त्यांच्याजोगतं काम नव्हतं. पण भरलेले, चिकटपट्टी लावलेले खोके टेम्पोत चढले की म्हातारा मागे त्यांच्याजवळ बसून वाशिमपर्यंत जायचा. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नव्हतं. तिथे मागे बसून ते काय करतात, हे कोणी कधी विचारलंच नाही.

"पेचकसनं केले," दौलतराव छाती फुगवून सांगू लागले. "मालाले हवा नको का? उभ्या जन्मात बिनाभोकाचा खोका म्या मंडीत नेला नाई. माझा माल कधी सडला नाई!"

"बाबा!" राजू ओरडला. "लोखंड हाय ते! वांगे नाई!"

दौलतरावांनी गिअरकडे पाहिलं, मग खोक्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"खरंच की," ते पुटपुटले. "हे ध्यानातच नाई आलं बाप्पा."

पंजाबरावांना पहिल्यांदा हसू फुटलं. मग ज्योत्स्नाला. महिन्याभराचा घोर जिवावरून उतरला होता आणि तिला हसू का रडू कळत नव्हतं. "भाऊ, पाच प्लायचेच टाका," ती डोळे पुसत म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत पायजेत. अन् मामाजी, तुमी टेम्पोत बसाच. तुमच्याबिगर माल जाणार नाई. फक्त पेचकस घरी ठेवा."

दौलतरावांनी मान डोलावली. राजू मात्र अजून धुसफुसत होता. रागारागाने तो फाटके खोके गुंडाळायला लागला, तेवढ्यात ज्योत्स्नाने त्याचा हात धरला. तिने भोकं मोजली. पाच प्लायच्या खोक्याला एका बाजूला चार होती. सात प्लायच्याला आठ.

"मामाजी, एक सांगा," तिने विचारलं. "पयल्या खेपेले चार केले, मंग दुसऱ्या खेपेले आठ काहून?"

म्हाताऱ्याने चोरट्यासारखं लेकाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"राजू फोनवर चाकणच्या नोकरीचं बोलून राह्यला होता, म्या आयकलं," दौलतराव म्हणाले. "म्हटलं, या खेपेले दुप्पट हवा देऊ. माल ताजा पोचला तं पोरं कायले जातीन घर सोडून?"