हवालदाराचं रक्त

गुंगीचं इंजेक्शन बसलं तरी हवालदार गुरगुरतच आडवा झाला. तोवर त्याने बाळकुमच्या प्राण्यांच्या दवाखान्यातल्या दोन मदतनिसांना आणि खुद्द आपल्या मालकाला, विश्रामरावांना, ओरबाडून काढलं होतं. हा साडेसहा किलोचा बोका रक्तदान करायला आला होता.

रक्त हवं होतं चिमीला, विश्रामरावांच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या हेमाताईंच्या मांजरीला. बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं होतं. पिल्लं हवालदारासारखीच पट्ट्यापट्ट्यांची निघाली. रक्ताचा गटही जुळला. त्यामुळे रक्त कोणी द्यायचं यावर फारशी चर्चा झाली नाही.

हेमाताई बोक्याच्या जुन्या तक्रारदार. दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा, की तुमचा बोका पुन्हा माझ्या गॅलरीत आलाय, घेऊन जा. विधुर विश्रामराव तणतणत वर जायचे, दारात उभं राहून भांडायचे आणि बोका काखोटीला मारून खाली उतरायचे.

डॉक्टर उर्वीने नमुना तपासला आणि मान हलवली. लाल पेशी कमी भरल्या होत्या. एवढ्यावर रक्त काढता येणार नव्हतं. पण हा आकडा खरा असेलच असं नाही, असं ती म्हणाली. गुंगीत मांजराची प्लीहा सैलावते, लाल पेशी तिच्यात जाऊन बसतात आणि तपासणीत कमी दिसतात. खात्री करायची तर औषध उतरल्यावर, जाग्या बोक्याचं रक्त घ्यायला हवं. चिमी तेवढी कळ काढेल, पण फार नाही.

जाग्या हवालदाराला धरणार कोण? मदतनीस भिंतीकडे बघू लागले. विश्रामरावांनी पट्ट्या बांधलेले हात पुढे केले. शुद्धीवर आलेला बोका त्यांच्यावर फिस्कारला.

"सरका जरा," हेमाताई म्हणाल्या.

त्यांनी त्याला मांडीवर घेतलं आणि 'सोन्या' म्हणत कानामागे खाजवलं. हवालदार घुरघुरू लागला. सुई गेली तरी हलला नाही. आकडा झकास भरला. मग त्याच मांडीवर पडून त्याने रक्तही दिलं. संध्याकाळी चिमी मान उचलून पिल्लांना चाटू लागली.

विश्रामराव अजून चक्रावलेलेच होते. हा तुम्हाला एवढा कसा ओळखतो, असं त्यांनी विचारलं.

हेमाताई बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"तो आपणहून येत नव्हता, मीच बोंबील टाकून बोलवायचे," त्या म्हणाल्या. "त्याच्याशिवाय तुम्ही कधी वर आला असतात का?"